गोळीला खोलीची जोड

मुंबईहून हावड्याला जाणारे दोन लोहमार्ग भुसावळला फुटतात. सुरतेहून येणारा मार्गही जळगावहून इथेच येऊन मिळतो आणि धुळ्यावरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. त्यामुळे मनाचा तोल सुटून घराबाहेर पडलेली कुठकुठली माणसं खानदेशात उतरतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यांना तपासते तेव्हा निदानाला फारसा वेळ लागत नाही. घोडं अडतं ते पुढे. गोळ्या ठेवायच्या कुठे आणि निजायचं कुठे?

स्किझोफ्रेनियावरच्या बऱ्याच औषधांनी गुंगी येते. घरात ती चालून जाते, फलाटावर नाही. “गोयी खादी का झोप लागस. मंग मन्हं गाठोडं कोन संभाळी?” असं एका मावशींनी मला विचारलं होतं. गाठोड्यात दोन लुगडी, एक ताटली आणि कुणाचा तरी जुना फोटो. बाईमाणसाला तर रात्री जागं राहणं हेच संरक्षण. तिनं गोळी फेकून दिली, तर तो सावधपणा आहे. केसपेपरवर मात्र ‘औषध घेत नाही’ एवढंच उमटतं. काहींना महिन्याकाठी इंजेक्शन देता येतं. पण पुढच्या महिन्यात तो माणूस त्याच पुलाखाली सापडेल कशावरून?

कर्जतला डॉ. भरत वटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून त्यांच्या गावी पोचवतं. 2018 मध्ये डॉ. वटवानींना या कामासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काम डोंगराएवढं आहे. पण ज्यांना घरच उरलं नाही किंवा घरचे दार उघडत नाहीत, त्यांचं काय? मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधलं 19वं कलम स्पष्ट आहे: केवळ घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही.

चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेनं ‘होम अगेन’मधून यावर उत्तर काढलं. साध्या वस्तीत भाड्याचं घर, त्यात चार-पाच जणी, सोबत मदतनीस आणि उपचार. हा प्रयोग आपल्या रत्नागिरीतही आला आहे. न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून सॅम त्सेम्बेरिस यांनी तर उपचाराची अट न घालता आधी घर द्यायला सुरुवात केली. पुढे कॅनडानं पाच शहरांत हेच तपासून पाहिलं. घर मिळालेली माणसं इतरांपेक्षा जास्त काळ घरात टिकली.

स्वयंपाकाला आज भरीत की शेवभाजी यावर वाद घालणारी बाई मला बरी होताना दिसते. तो वाद वॉर्डात होत नाही.

जळगाव आणि धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, महापालिका आहेत. औषधं एकीकडे आणि निवारा दुसरीकडे, ही फारकत त्यांनी थांबवावी. आणि घरमालकांनो, तुमच्या गल्लीत अशा चौघींनी दोन खोल्या भाड्यानं मागितल्या, तर त्यांना दारातूनच परत पाठवू नका.