बियाची द्राक्षं

मार्चात द्राक्षं शेडात रॅकवर टाकली, की खरड छाटणीपर्यंत आम्हा तासगावकडच्या बागायतदारांना जरा उसंत मिळते. पोराच्या डोक्यात एकरभर वाईनची द्राक्षं लावायचं घोळत होतं. म्हटलं, दोन दिवस नाशिक बघून येऊ. घरचीलाही बरोबर घेतलं.

गंगापूर धरणाच्या बाजूला वाईनचे मळे आहेत. आमच्यासारखा मांडव नाही. वेली तारांवर कुंपणासारख्या उभ्या. मुंबई-पुण्याची पोरंपोरी त्यात हिंडत होती, फोटो काढत होती. माझ्या गळ्यात माळ, म्हणून वाईन चाखली नाही. शिराजचा घड मात्र हातात घेऊन बघितला. मणी बारका, साल जाड, आत बी. आम्ही तर थॉमसनचे घड जी.ए.मध्ये बुडवून मणी फुगवतो. इथं तसलं काही नाही. लाल वाईनला रंग सालीतनं येतो, म्हणून मणी बारकाच लागतो.

दुसऱ्या दिवशी दिंडोरीकडं एका शेतकऱ्याच्या वस्तीवर चहा झाला. २००८ नंतरच्या मंदीत त्याचा माल कुणी उचलला नाही. तो म्हणाला, "तात्या, तुमचं द्राक्ष व्यापाऱ्यानं सोडलं तर तुम्ही बेदाणा करता. आमचं हे बाजारात कोण खाणार?" शेवटी त्यानं वेलींवर कुऱ्हाड चालवली. आता तिथं टोमॅटो आहे.

येताना गाडीत पोराला एवढंच म्हणालो, "माल कोण उचलणार आणि काय दरानं, ते आधी कागदावर आण. मग लागण कर."