मांगराचा जीनखाना

आमच्या मालवण भागात घोडा दिसला की खुशाल समजावे, कुणाची तरी वरात आहे. एरवी त्या प्राण्याचा आणि आमचा फारसा परिचय नाही. देशावरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. पण चढउताराची लाल माती, चार महिने पाण्याने भरलेली भातशेते, मध्येच आडवी येणारी खाडी आणि पलीकडे जायचे तर होडी, अशा मुलखात बिचारा घोडा करणार काय? महाराष्ट्रात जावे तिथे शिवाजी महाराज बहुधा घोड्यावर दिसतात. मालवणच्या सिंधुदुर्गात, ज्याच्या बांधकामाला १६६४ साली आरंभ झाला त्या किल्ल्यात, शिवराजेश्वराच्या देवळातली त्यांची मूर्ती मात्र बैठी आहे. इथे त्यांचे घोडदळ पाण्यावर चालत होते! पूर्वी अरबी घोडे जहाजांतून कोकणच्या बंदरांत उतरत, ते घाट चढून विजापूरची वाट धरण्यासाठी. कोकणाने घोडा पाहिला तो असा, चहा न घेता निघालेल्या पाहुण्यासारखा.

आमच्या मसुरे गावाच्या डोक्यावर वाडीच्या फोंड सावंतांनी १७०१ साली बांधलेला भरतगड आहे आणि खाडीपलीकडे भगवंतगड. दोन गडांमध्ये पाणी. एवढी दोन गडांची शेजारपेठ, पण घोडा तिथेही काठावर खोळंबलाच असता.

तेव्हा आपल्या मसुऱ्याच्या घरी दोन घोडे येणार आणि त्यांच्या सामानासाठी मांगर रिकामा करायचा आहे, असे पुतणीने फोनवर सांगितले, तेव्हा मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले.

ही माझ्या थोरल्या भावाची मुलगी. पुण्याला शिकायला गेली आणि पदवीबरोबर घोड्यावर बसण्याची विद्याही घेऊन आली. पाच वर्षे तिने चांगली नोकरी केली. मग एके दिवशी म्हणाली, मी मसुऱ्याला राहणार. घरात पाहुणे ठेवीन आणि त्यांना खाडीकाठाने, सड्यावरून रपेट करवीन. एका अश्वारोहण शाळेतले वय झालेले दोन घोडेही तिने हेरून ठेवले होते. भावाला हे मुळीच पसंत नव्हते. पण त्या घरात आता आमचे चुलते, आबा, एकटेच होते आणि त्यांनी ऐंशी ओलांडलेली. कोकणातल्या किती घरांची कुलुपे फक्त मे महिन्यात आणि चतुर्थीला उघडतात, हे मुंबईकर वाचकांना मी सांगायला नको. आबांच्या मागे आमच्याही दाराला तसलेच कुलूप लागणार, हे घरातला प्रत्येक जण मनात धरून होता. बोलून मात्र कुणी दाखवीत नव्हते.

मे महिन्यात आम्ही सारे जमलो. घोडे गोठ्यात राहतील, यावर आबांची हरकत नव्हती. हरकत होती ती मांगराबद्दल.

मांगर म्हणजे घरापासून थोडी दूर, शेताच्या कडेला उभी असलेली चिऱ्याची खोली. शेतात राबणाऱ्या वस्तूंचे ते बिऱ्हाड. आमच्या मांगरात नांगर होता, जू होते, इरली, कोयते, दोरांची वेटोळी आणि आबांची एक घोंगडी होती.

"घोडे येवंदेत," आबा म्हणाले, "पण मांगर गावाचो नाय."

"आबा, बैल विकून बारा वर्षे झाली. पॉवर टिलर तर पडवीत असतो."

"बैल गेले. जू आसा ना?"

यावर कुणालाच उत्तर सुचले नाही.

पुतणीने मग शांतपणे समजावले. घोड्याचे सामान गोठ्यात ठेवता येत नाही. तिथल्या मुताच्या उग्र वाफेने आणि ओलीने चामडे खराब होते, शिवण कुजते. घरात ठेवावे, तर घामाचा वास घरभर. त्याला हवी गोठ्याजवळची वेगळी, कोरडी, वारा खेळणारी खोली. आबा ऐकत होते. ऐकता ऐकता उठले, मांगरापाशी गेले आणि नैऋत्येच्या भिंतीवर त्यांनी थाप मारली.

"ही भिंत पाणी पिता. हय चामडा लावलंस तर आषाढात तेका दाढी येतली."

नकार तसाच ठेवून माणूस सल्ला देऊ लागला की निम्मे काम झाले, असे समजायला हरकत नाही.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि जांभा चिरा तो स्पंजासारखा शोषून घेतो. म्हणून भिंतींना काहीच टेकवायचे नाही, असे ठरले. सामान ठेवायचे ते भिंतीपासून हातभर सुटे. शेणाची जमीन खाली ओल धरते आणि वाळवीला वाट देते. ती उकरून वर जाड प्लास्टिक आणि त्यावर फरशी आली. समोरासमोर दोन झरोके काढले, त्यांना उंदरांसाठी बारीक जाळी. उजेडासाठी एक काचेचे कौल बसवले, पण उन्हाचा कवडसा चामड्यावर पडणार नाही अशा बेताने, कारण चामड्याला ऊनही सोसत नाही. उन्हात तडकते, ओलीत बुरसते. आमच्या काही नातलगांच्या स्वभावासारखेच ते.

जीन ठेवायला लाकडी आधार लागतो. जमिनीवर ठेवले तर त्याचा आकार बिघडतो. पुतणीने कागदावर चित्र काढून मेस्त्रींना दाखवले. मेस्त्री म्हणाले, "म्हणजे घोडीच की!" लाकडाच्या असल्या बैठकीला सुतार घोडीच म्हणतो. तेव्हा घोडे यायच्या आधी आमच्या मांगरात फणसाच्या लाकडाच्या दोन घोड्या येऊन उभ्या राहिल्या.

लगाम टांगायला मेस्त्रींनी खिळे आणले होते. ते आबांनी हाणून पाडले. "खिळ्यार टांगलेली दोरी थयच तुटता." त्यांनी नारळाच्या जाड करवंट्या घासून गुळगुळीत केल्या आणि खुंट्यांवर पालथ्या बसवल्या. पुतणी पाहतच राहिली. लगामाचा माथ्यावरचा पट्टा वाकून चिरू नये म्हणून त्याला गोल आधारच द्यावा लागतो, हे तिला पुण्यात शिकवले होते. आबांना ते बैलांच्या दोरांनी शिकवले होते.

दाण्याचे पिंप मात्र त्या खोलीत ठेवायचे नाही, असा तिचा दंडक. दाण्यामागून उंदीर येतो आणि दाणा संपला की चामड्याकडे वळतो. त्या दाण्यात कुळीथ होते. इंग्रजीत या कडधान्याचे नावच मुळी हॉर्सग्रॅम. ते ऐकून आबा पोट धरून हसले. "म्हणजे आमचीच पिठी घोड्याक!" कोकणात घोडा नव्हता, पण त्याचा खुराक मात्र पिढ्यान्‌पिढ्या आमच्या ताटात होता.

सामानाच्या पेट्या उघडल्या त्या दिवशी मला माझे काम सापडले. पुतणीला प्रत्येक वस्तूचे नाव ठाऊक होते, पण इंग्रजीत. मी चिठ्ठ्या लिहून खुंट्यांवर लावू लागलो. पोटाखालचा पट्टा तो तंग, पाय ठेवायची ती रिकीब, तोंडावरची म्होरकी, शेपटीखालची दुमची, दाण्याची पिशवी तोबरा. अंग घासायचा खरारा. वीस वर्षे मी मुलांना वाक्प्रचार शिकवतो आहे. तोंडात तोबरा भरणे, लगाम घालणे, सारे पाठ. पण ते तोबरे आणि ते लगाम असे एका रांगेत, वासासकट, माझ्यापुढे कधीच आले नव्हते.

यांतले बरेच शब्द फारसीच्या वाटेने आले. महाराजांनी राज्यव्यवहारकोश रचवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण स्वाराच्या हातातला लगाम तो लगामच राहिला. खोगीर या शब्दाची फोड तर पाहण्यासारखी आहे. 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे घेणारा. घाम टिपून घेते ते खोगीर. त्याच्या पोटात मिळेल ते कोंबत, म्हणून कुचकामी माणसांच्या गर्दीला आपण खोगीरभरती म्हणू लागलो. पण ज्याचे नावच घाम घेणारा, ते रोज वाळवलेच पाहिजे, हा धडा शब्दातच दडलेला होता. जीन करणारा तो जीनगर. मग जीन ठेवण्याची जागा ती जीनखाना, असे मी दारावर लिहिले.

आबा उंबऱ्यावर बसून हे पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "एक चिठ्ठी जुवाची लिही."

मी लिहिली. मग त्यांनी शिवळ सांगितली, जुंपणी सांगितली. नांगराचा फाळ, हळस, रुमणे सांगितले. यांतले काही शब्द मला ठाऊक होते. माझ्या मुलीला एकही नव्हता. तिने ते वहीत उतरवून घेतले. चिठ्ठ्या लावून झाल्यावर आबा उठले, जू खांद्यावर घेतले आणि नैऋत्येच्या ओल्या भिंतीवर, दाराजवळ, स्वतःच्या हाताने टांगले.

"हय ऱ्हवांदे. जुवाक ओल चलता. चामड्याक नको."

नांगर त्यांनी पडवीत नेला. कुणी त्यांना काही विचारले नाही.

आषाढात आबांची भिंत म्हणाली तसेच झाले. त्या बाजूच्या तोबऱ्याच्या पट्ट्याला हिरवट दाढी आली. बाकीचे सामान मात्र वाचले. तेव्हापासून आबा रोज सकाळी कोरड्या फडक्याने सारे चामडे पुसतात. एकदा त्यांनी मायेने खोबरेल ओतले आणि पुतणीचा ओरडा खाल्ला, कारण जास्त तेलाने चामडे लुळे पडते. आता बोटभर तेल ती मोजून देते.

तिचा जमाखर्च अजून जुळलेला नाही. पावसाळ्यात पाहुणे नसतात, आणि घोड्यांचे पोट मात्र बारमाही. भाऊ अजून तिच्याशी तुटकच बोलतो, पण गेल्या महिन्यात त्याने स्वतःहून कुळथाचे एक पोते पाठवले.

जीन महाग असते, म्हणून मांगराला आयुष्यात पहिल्यांदा कुलूप आले आहे. घराला लागायचे ते तूर्त तिथे लागले. किल्ली आबांच्या करगोट्याला असते. ती हवी असेल तर कुठला घोडा, कुठले जीन आणि परत कधी, हे आधी सांगावे लागते.