चित्रातले नाव कसे वाचावे?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे नावांशी आमची रोजची गाठ. 'हे, सीन, नून' ही तीन अक्षरे जेर-जबर न देता लिहिली तर हसन वाचावे की हुस्न, हे कागद सांगत नाही. वाचणाऱ्याला जबान यावी लागते. मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेच्या चित्रलिपीबद्दल वाचताना म्हणूनच ती आम्हाला फार परकी वाटली नाही.

नाहुआत्ल ही अझ्टेक लोकांची भाषा. आजही मेक्सिकोत दहा लाखांहून अधिक लोक ती बोलतात. १५२१ मध्ये स्पॅनिश फौजेने अझ्टेकांची राजधानी जिंकली, तरी तिथल्या लेखनिकांनी आपली लिपी लगेच टाकली नाही. माणूस रेखाटायचा, त्याच्यापासून एक बारीक रेघ ओढायची आणि रेघेच्या टोकाला त्याचे नाव काढायचे, अशी त्यांची रीत होती.

ऑक्सफर्डला जतन केलेल्या मेंदोझा हस्तलिखितात इत्झकोआत्ल राजाचे नाव असेच आहे. 'इत्झ' म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, 'कोआत्ल' म्हणजे साप. चित्रात सापाच्या अंगावर काचेची पाती आहेत. चिमालपोपोका राजाच्या नावासाठी धुमसणारी ढाल आहे. हे पाहून वाटते, यात भाषेचे काय काम? चित्र पाहावे आणि अर्थ सांगावा!

पण तेपेत्लाओस्तोक भागातील कुटुंबांच्या आणि शेतजमिनींच्या एका जुन्या नोंदवहीत हेच नाव दुसऱ्या एका माणसाला आहे, आणि तिथे साप कुठेच नाही. आहेत ती काळी काच, मडके आणि पाणी. अर्थ लावू गेलो तर काहीच हाती लागत नाही. मडक्याला 'कोमित्ल' म्हणतात, त्यातला 'को' घ्यायचा. पाण्याला 'आत्ल', त्यातला 'आ'. इत्झ-को-आ! नाव डोळ्यांना नव्हे, कानांना सापडते. फ्रेंच अभ्यासक ओबँ यांनी १८४९ मध्येच हे दाखवले होते. तरीही पुढे कित्येक वर्षे या लिपीला नुसती चित्रे समजले गेले. २००८ मध्ये आल्फोन्सो लाकादेना यांनी तिच्यातील ध्वनिचिन्हांची नव्याने मांडणी केली, तेव्हा ही चर्चा पुन्हा जोरात सुरू झाली.

याच युक्तीने परकी नावेही लिहिली गेली. स्पेनच्या राजाचा प्रतिनिधी मेंदोझा याच्या नावासाठी घायपातासारखे झाड, 'मेत्ल', आणि बिळे करणारा एक प्राणी, 'तोझान', यांची चित्रे जोडली. नाहुआत्लमध्ये 'द' नाही, म्हणून झाले मे-तोझा. यात त्या साहेबाच्या स्वभावाचे वर्णन शोधणारा फसलाच म्हणायचा.

मोतेकुझोमाच्या नावासाठी तर फक्त सरदारी मुकुट काढलेला असतो. मुकुटातून 'तेकुत्ली', म्हणजे सरदार, एवढेच कळते. बाकीचे नाव वाचणाऱ्याने पुरे करायचे.

राजांची नावे इतर ग्रंथांतूनही कळतात. गरिबांचे तसे नाही. १५६० च्या वेशोत्सिंकोच्या नोंदवहीत हजारो साध्या माणसांची नावे चित्रांत आहेत. बाप्तिस्म्यात मिळालेले स्पॅनिश नाव शेजारी रोमन अक्षरांत असते, आणि त्याला जोडून घरचे नाहुआत्ल नावही. सरकारला हवी होती माणसांची मोजदाद. लेखनिकाने मात्र डोक्यागणिक नाव काढले. त्यांतल्या कित्येकांची एवढीच खूण आज दुनियेत उरली असेल. ती भाषा शिकून, उच्चार जुळवून वाचणे, एवढा हक्क त्या माणसांचा आपल्यावर आहे, असे आम्हाला वाटते.