कॅलगरीच्या थंडीत टपाचे पोचे

कॅनडातील कॅलगरी शहर रॉकी पर्वताच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडे अधिक उंचीवर वसले आहे. तेथून उत्तरेला रेड डिअरपर्यंतच्या पट्ट्याला लोक ‘गारांची गल्ली’च म्हणतात. आपल्याकडे गारपीट म्हटली की द्राक्षबाग आणि हरभरा डोळ्यांपुढे येतो. तिथे येते ते घराचे छप्पर आणि गाडीचा टप. १३ जून २०२० रोजी शहराच्या ईशान्य भागात टेनिसच्या चेंडूएवढ्या गारा कोसळल्या. ५ ऑगस्ट २०२४ रोजी पुन्हा तेच झाले आणि विमा कंपन्यांवर सुमारे ३०० कोटी डॉलरचा बोजा पडला. विमानतळही त्यातून सुटला नाही. गारा मोठ्या होऊ नयेत म्हणून १९९६ पासून विमा कंपन्यांच्याच खर्चाने विमाने ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडतात, तरी ही गत!

सॅडल रिज, टॅराडेल, मार्टिनडेल या ईशान्येकडील वस्त्यांत बाहेरून आलेली कष्टकरी कुटुंबे पुष्कळ. त्या हिवाळ्यात, फेब्रुवारीच्या सुरुवातीस, मी बहिणीकडे होतो. पारा उणे वीसच्या खाली. रात्री गाडीचे इंजिनसुद्धा विजेच्या वायरला जोडून ऊबेत ठेवावे लागते. भाचा पोचे काढण्याच्या कारखान्यात कामाला आहे, त्याच्याबरोबर एक दिवस गेलो.

तिथे एक वयस्कर पंजाबी गृहस्थ जुनी गाडी घेऊन आले होते. या गाडीवरच ते घरोघर जेवणाचे डबे पोचवतात. गाडी जुनी म्हणून गारांचे नुकसान भरून देणारा विमा त्यांनी घेतलेला नव्हता. टपावर साठ-सत्तर पोचे. टप बदलून रंग द्यायचा तर गाडीच्या किमतीहून खर्च जास्त. रंगाला हात न लावता पोचे निघाले तरच त्यांना परवडणार होते. संध्याकाळपर्यंत करून द्या, एक दिवस बुडाला की तेवढी कमाई बुडते, असे ते काकुळतीने सांगत होते.

भाचा म्हणाला, “अंकलजी, आज हात लावणार नाही. गाडी रात्रभर आत राहू द्या.”

मला वाटले, पोरगा उगाच अडवतो आहे. मग त्याने समजावले. “मामा, गारठलेला रंग काचेसारखा होतो. आता दाब दिला तर तडकेल, आणि एकदा तडकला की रंगकाम आलेच.”

दुसऱ्या दिवशी गाडीची बॅटरी सोडवली, कारण टपाच्या कडेला अपघातात फुगणाऱ्या पिशव्या असतात. मग आतले कापडी अस्तर उतरवले. वर पट्ट्यांचा दिवा लावला. पत्र्यात दिव्याच्या रेषा जिथे वाकड्या दिसतील तिथे पोचा. गरम हवेच्या यंत्राने पत्रा हाताला कोमट लागेल इतकाच तापवायचा आणि आतून लोखंडी सळईचे टोक टेकवून हळूच दाबायचे. पोचा एका दणक्यात काढायचा नाही, कडेकडेने दाबत मध्यावर यायचे. जास्त दाबले तर वर फोड येतो, तो प्लास्टिकच्या खुंटीने ठोकून बसवावा लागतो. आपल्याकडचे डेंटिंग-पेंटिंग म्हणजे हातोडा, पुट्टी, घासणे, फवारा. इथे पत्रा जेमतेम मिलिमीटरभरही नाही, आणि सगळी मदार बोटांच्या अंदाजावर. एका पोच्याला दहा मिनिटे, एखाद्याला अर्धा तास. मान वर करून हे दिवसभर करायचे! भाच्याची मान रात्री शेकावी का लागते, ते बहिणीने मला आधी सांगितले नव्हते.

कडेला पत्रा दुहेरी असतो, तिथे सळई जात नाही. तिथे प्लास्टिकची चकती गरम गोंदाने चिकटवून बाहेरून ओढतात. थंड पत्र्यावर गोंद धरत नाही, म्हणून पुन्हा ऊब. त्याआधी भाच्याने कडेचा रंग कारखान्यातलाच आहे ना, हे मोजून पाहिले. मागून पुट्टी भरून रंगवलेला असेल तर चकतीबरोबर रंगाचा पापुद्राही येतो. दोन ठिकाणी रंग आधीच तडकलेला निघाला. ते पोचे त्याने सोडून दिले आणि गृहस्थांना बोटाने दाखवून सांगितले. त्यांचे पैसे धरले नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गृहस्थांनी टपावरून हात फिरवला, निम्मे पैसे दिले, निम्मे पुढच्या महिन्यात द्यायचे ठरले. मालक कुरकुरला, पण कबूल झाला. ते गेले तेव्हा सहा वाजले होते आणि रात्रीच्या डब्यांची वेळ झाली होती.