ऋणनिर्देशाचे पान

मराठी पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाला एक ठरलेले रूप आहे. व्यासपीठावर समई तेवत असते. रंगीत कागदात बांधलेल्या नव्या पुस्तकाच्या प्रती तबकात ठेवून आणल्या जातात. प्रमुख पाहुणे वरची फीत सोडतात, पुस्तक उंच धरून श्रोत्यांना दाखवतात, टाळ्या होतात, छायाचित्रे निघतात. शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात, भाषणे होतात आणि मग लेखक आपले मनोगत मांडायला उभा राहतो. पुस्तक कसे सुचले, लिहायला किती वर्षे लागली, हे सांगता सांगता त्याचे लक्ष सभागृहाच्या मागच्या रांगांकडे जाते आणि पुस्तकाविषयी बोलणारा तो माणसांविषयी बोलू लागतो. रात्रशाळेतले शिक्षक, परीक्षेच्या दिवसांत मूल सांभाळणारी शेजारीण, उधारीवर वह्या देणारा दुकानदार, दिवसभर शेतात राबूनही कंदिलाची काच न विसरता पुसून ठेवणारी आई, अशी माणसे एकामागून एक त्याच्या बोलण्यात येतात. यांपैकी कोणाचेही नाव निमंत्रणपत्रिकेत छापलेले नसते. तरीही त्या संध्याकाळी श्रोत्यांच्या मनात घर करून राहतात ती हीच नावे.

पुस्तकातही या माणसांसाठी एक पान राखलेले असते. त्याला ‘ऋणनिर्देश’ म्हणतात. वाचक ते बहुधा न वाचताच उलटतो. परंतु त्या पानाला दिलेला शब्द विचार करण्यासारखा आहे. आभार मानले की व्यवहार संपतो. ऋणाचे तसे नसते. आपल्या परंपरेने माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. त्यांतील ऋषिऋण, म्हणजे ज्ञान देणाऱ्यांचे ऋण, अध्ययनानेच फिटते, असे शास्त्रकारांनी म्हटले आहे. पैसा किंवा दक्षिणा देऊन ते फिटत नाही. शिकावे आणि शिकलेले पुढे द्यावे, हाच त्याचा मार्ग. ‘निर्देश’ या शब्दाचा अर्थ बोट दाखवणे. ज्याच्यावर प्रकाश पडलेला नाही त्याच्याकडे बोट दाखवणे, हे या पानाचे काम आहे. पुस्तकामागे किती माणसे उभी असतात आणि त्यांतील किती जणांची नावे आपल्याला ठाऊक असतात, याचा शोध घेतला तर हे काम किती महत्त्वाचे आहे, ते ध्यानात येते.

जळगावजवळच्या असोदे या गावी १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. लग्नानंतर त्या जळगावी आल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आले आणि मुलांसह संसाराचा सारा भार त्यांच्यावर पडला. शेतात राबताना, जात्यावर दळताना, स्वयंपाक करताना त्या खानदेशातील आपल्या बोलीत गाणी रचत आणि गात. ती गाणी वहीसाठी नव्हती. दळण सरले की ओवीही सरावी, तशी ती हवेत विरून जात. ती सगळीच विरली नाहीत, याचे कारण ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी लेखणी हातात घेतली. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी वेळोवेळी ती गाणी टिपून ठेवली.

ही गोष्ट एका वाक्यात सांगून संपते. पण तिच्यात दडलेले कष्ट मोठे आहेत. गाणारीला थांबवता येत नाही. काम चालू असते, गाणे पुढे जात असते, एक ओळ कागदावर उतरेपर्यंत दुसरी कानांवर येते. शिवाय घरातल्या बाईचे रोजचे गाणे हे जपून ठेवण्याजोगे धन आहे, हे आधी ओळखावे लागते. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. पुढे आचार्य अत्रे यांच्यासमोर ती वही आली. त्यांनी तिचे मोल जाणले, गाणी छापण्याचा आग्रह धरला आणि प्रस्तावना लिहिली. १९५२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. छापखान्यावरसुद्धा गाणे करणाऱ्या या कवयित्रीला स्वतःची गाणी छापलेली पाहता आली नाहीत.

त्या काळी पुस्तक छापणे म्हणजे शिशाचा एकेक खिळा हाताने उचलून ओळ जुळवणे. अक्षर, काना, मात्रा, रफार यांसाठी खिळ्यांचे निरनिराळे खण असत आणि खिळ्यावरचे अक्षर उलटे असे. प्रमाण मराठीची सवय जडलेल्या कंपोझिटरच्या बोटांना खानदेशी बोलीतली रूपे जुळवताना किती जपावे लागले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. अशा कंपोझिटरांची, मुद्रिते तपासणाऱ्यांची आणि पाने शिवणाऱ्या बांधणी कामगारांची नावे पुस्तकांत क्वचितच येत. आज बहिणाबाईंचे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. अक्षर न जाणणाऱ्या स्त्रीचे नाव विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर कोरले गेले, यापरता गौरव तो कोणता! परंतु पीतांबर चौधरी हे नाव किती जणांना आठवते? कवितेची कर्ती बहिणाबाईच; तरीही ती कविता आपल्यापर्यंत पोहोचली ती एका आपल्या माणसाने वेळीच कागद पुढे ओढला म्हणून.

बहिणाबाईंच्या बाबतीत लेखणी दुसऱ्यांच्या हातात होती. तीच लेखणी राबणाऱ्या स्त्रीच्या हाती दिली गेली तर काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्राबाहेर, दिल्लीला लागून असलेल्या गुडगावात सापडते. बेबी हालदार यांचे बालपण पश्चिम बंगालमध्ये गेले. त्या लहान असतानाच आई घर सोडून गेली. शाळा अर्धवट सुटली. बाराव्या वर्षी त्यांचे लग्न वयाने खूप मोठ्या असलेल्या पुरुषाशी लावून देण्यात आले आणि लवकरच मातृत्वही पदरी आले. नवऱ्याची मारहाण सोसण्यात वर्षे गेली. अखेर पंचविशीच्या सुमारास तीन मुलांना घेऊन त्या दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत बसल्या. घराघरांतून धुणी, भांडी, केर-लादी करता करता त्या प्रबोध कुमार यांच्या घरी कामाला लागल्या. मानववंशशास्त्राचे हे निवृत्त प्राध्यापक थोर हिंदी साहित्यिक प्रेमचंद यांचे नातू होते.

पुस्तकांच्या कपाटावरची धूळ पुसताना या बाईचा हात रेंगाळतो, विशेषतः बंगाली पुस्तकांपाशी, हे प्रबोध कुमारांच्या लक्षात आले. त्यांनी विचारपूस केली आणि तस्लिमा नसरीन यांचे आत्मकथन वाचायला दिले. काही काळाने प्रवासाला निघताना त्यांनी एक वही आणि पेन हालदार यांच्या हाती ठेवून स्वतःच्या आयुष्याविषयी लिहायला सांगितले. शाळा सुटून इतकी वर्षे झाल्यावर वहीचे कोरे पान समोर आले, तेव्हा त्यांना अक्षरांचे वळण आठवावे लागले, शुद्धलेखन अडू लागले. पण दिवसभराची कामे उरकून, मुलांना निजवून त्या रात्री लिहीत राहिल्या. प्रबोध कुमारांनी ते लेखन वाचले, साहित्यिक मित्रांना दाखवले आणि स्वतः त्याचा हिंदी अनुवाद केला. ‘आलो आँधारि’ या नावाने ते आत्मकथन २००२ मध्ये हिंदीत प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये ते इंग्रजीत आले आणि त्यानंतर अनेक भाषांत पोहोचले. अकरावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकातही त्यातील भाग घेतला गेला. शाळा जिला सोडावी लागली, तिचे शब्द शाळेत जाऊन पोहोचले.

हालदार प्रबोध कुमारांना ‘तातुश’ म्हणत. ‘तातुश’ म्हणजे वडील. आपल्या पुस्तकात त्यांनी त्यांच्याविषयी आदराने आणि जिव्हाळ्याने लिहिले आहे. इथे कृतज्ञतेची एक नाजूक बाजू पुढे येते. वही देणाऱ्याचे ऋण मोठे खरेच. पण वही देणाऱ्याने पुस्तक लिहिलेले नाही. दमलेल्या हातांनी, अपुऱ्या झोपेत, नको असलेल्या आठवणी पुन्हा जाग्या करून ते लिहिले हालदार यांनीच. ऋण मान्य करणे म्हणजे स्वतःचे कष्ट नाकारणे नव्हे आणि उपकाराच्या ओझ्याखाली मान खाली घालणेही नव्हे. देणाऱ्याने जिथे माणूस ओळखला आणि घेणाऱ्याने त्या ओळखीचे सोने केले, तिथे दोघेही ताठ मानेने एकमेकांचे नाव घेऊ शकतात. पुस्तक गाजल्यानंतरही हालदार त्याच घरी काम करीत राहिल्या आणि लिहितही राहिल्या. केर काढणारा हात आणि लिहिणारा हात वेगळे असतात, ही समजूत त्यांनी मोडीत काढली.

काही ऋणे याहूनही मुळाशी असतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलेले लेखकाचे नावच जिथे कोणीतरी दिलेले असते, तिथे ऋणनिर्देश कुठून सुरू करायचा? कवी नारायण सुर्वे यांचे जन्मदाते कोण, हे कधीच कळले नाही. १९२६ च्या सुमारास मुंबईत टाकून दिलेले हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला सापडले. त्याने ते उचलून घरी नेले. गंगाराम आणि त्याची पत्नी काशीबाई, दोघेही गिरणीत राबणारी. चाळीतले घर, मोजका पगार आणि रोजची ओढाताण असताना दारी आणखी एक तोंड आले. पण त्या जोडप्याने मुलाला आपले आडनाव दिले आणि शाळेत घातले. दयाळूपणाचे हे कृत्य पाहायला तिथे कोणी वार्ताहर नव्हता आणि त्याबद्दल कोणी सत्कारही केला नाही. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, तेव्हा गंगाराम नेहमीसारखाच कामावर गेला असेल.

पुढे त्या मुलाला लहानपणीच पोटासाठी पडेल ते काम करावे लागले. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणी कामगार अशी कामे करीत तो मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई झाला, शिकत राहिला आणि पुढे शिक्षकही झाला. १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि १९६६ मध्ये ‘माझे विद्यापीठ’ हे त्याचे कवितासंग्रह प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सुर्वे यांना लाभले आणि १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या प्रत्येक मानपत्रावर जे आडनाव होते, ते एका गिरणी कामगाराने अनाथ मुलाला दिलेले होते.

सुर्वे यांनी हे ऋण एका पानावर आटोपले नाही. त्यांची सारी कविताच ऋणनिर्देश होऊन गेली. गिरणी कामगार, हमाल, रस्त्यावर वाढणारी मुले, समाजाने दूर लोटलेल्या स्त्रिया त्यांच्या कवितेत आल्या, त्या कीव मागायला नव्हेत. स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या स्वाभिमानाने बोलायला. ‘तुमचंच नाव लिवा’ या कवितेत एक देहविक्रय करणारी आई आपल्या मुलाला शाळेत घालायला आली आहे. नोंदवहीत वडिलांचे नाव काय लिहायचे, हा प्रश्न निघतो, तेव्हा ती मास्तरांनाच त्यांचे नाव लिहायला सांगते. ज्याला गंगारामने नाव दिले होते, त्याच कवीला त्या प्रश्नाचा भार खऱ्या अर्थाने कळू शकत होता.

आणि तरीही या कवीच्या घरात आणखी एक व्यक्ती होती. चाळीतल्या खोलीत संसार उभा करणारी, कमी पैशांत घर चालवणारी, कवीच्या वाट्याला लिहिण्याचे तास यावेत म्हणून स्वतःचे तास खर्ची घालणारी त्यांची पत्नी कृष्णाबाई. कवीच्या गौरवग्रंथांत अशा स्त्रीला बहुधा एखादे वाक्य मिळते. कृष्णाबाईंनी मात्र आपली कहाणी स्वतंत्र पुस्तकाच्या रूपाने सांगितली. तिला त्यांनी नाव दिले ‘मास्तरांची सावली’. स्वतःला सावली म्हणवणाऱ्या या बाईचे नाव त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, लेखिका म्हणून, ठसठशीत अक्षरांत छापले गेले.