मीटिंगला सोबत कोण जाणार?

व्यसनमुक्ती वॉर्डातून घरी जाताना रुग्णाच्या हातात बरेच कागद पडतात. गोळ्यांची चिठ्ठी, लिव्हरच्या तपासण्यांचे रिपोर्ट, पुढच्या भेटीची तारीख. त्यांतच कुठेतरी जवळच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, गटाचा पत्ता आणि वार लिहिलेला असतो. गोळ्या त्याच दिवशी विकत घेतल्या जातात, पत्ता फाइलमध्येच राहतो. मानसोपचाराच्या कामात हे इतक्यांदा पाहिलं आहे, की नुसता पत्ता देऊन माझं समाधान होत नाही.

१९८१ साली सिसन आणि मॅलम्स या अमेरिकी संशोधकांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. वीस जणांपैकी दहांना एएची माहिती, मीटिंगची ठिकाणं आणि वेळा दिल्या. उरलेल्या दहांच्या बाबतीत समुपदेशकाने त्यांच्यासमोरच एका सभासदाला फोन लावला, दोघांचं बोलणं करून दिलं आणि सभासदाने सोबत येण्याची तयारी दाखवली. हे दहाही जण मीटिंगला गेले. नुसती माहिती मिळालेल्यांपैकी एकही गेला नाही. प्रयोग लहान होता, पण ओपीडीत मला तेच दिसतं.

म्हणून आता रुग्णाची संमती घेऊन मी माझ्या खोलीतूनच फोन लावते आणि रिसीव्हर त्याच्या हातात देते. पलीकडचा माणूस उपदेश करत नाही. ‘कुठे राहता? स्टँडवर भेटू, मी निळ्या शर्टात असेन,’ एवढंच बोलतो. त्यात उपकाराचा भाव नसतो. एएच्या बारा पायऱ्यांपैकी शेवटची पायरी दारूतून सुटकेचा संदेश दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत नेण्याची आहे, आणि त्यातून आपलीही दारू लांब राहते असा सभासदांचा अनुभव आहे. या संघटनेची सुरुवातही फोनवरूनच झाली. १९३५ साली नुकतीच दारू सोडलेले बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी अ‍ॅक्रन गावी गेले होते. काम फिसकटलं आणि हॉटेलचा बार समोर दिसू लागला. तेव्हा त्यांनी लॉबीतून फोन करत करत बोलायला दुसरा एक दारुडा शोधला. तो सापडला डॉ. बॉब स्मिथ यांच्या रूपात, ते सर्जन होते.

मीटिंगआधी एक वैद्यकीय गोष्ट. रोज सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात, अशा माणसाने मनाचा हिय्या करून एकदम दारू सोडू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम, भास, ताप सुरू होऊ शकतो आणि त्यात जीव जाऊ शकतो. त्याला आधी दवाखाना हवा. आणि दारू सोडवण्यासाठी जेवणात गुपचूप मिसळायची पावडर कुणी दिली, तर ती कृपा करून वापरू नका. त्यात डायसल्फिराम हे औषध असेल आणि नकळत वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळतो.

मीटिंग भरते महापालिकेच्या शाळेतल्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात. कुणी नोंदवहीत सही मागत नाही. दारू थांबवण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. एकेक जण बोलतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. नव्याला बोलण्याची सक्ती नसते. खर्च सभासदांच्या वर्गणीतून चालतो, बाहेरून देणगी घेत नाहीत. माणूस फक्त पहिलं नाव सांगतो, आणि आपल्याकडे याचं मोल फार आहे. आडनावावरून गाव, जात, घराणं ओळखणाऱ्या समाजात तासाभरासाठी वकील आणि हमाल फक्त ‘सुरेश’ आणि ‘रमेश’ असतात.

‘ओळखीचं कुणी भेटलं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. शहरात त्याचं उत्तर सोपं आहे, तो तिथे त्याच कारणासाठी आलेला असेल. खेड्यात ते तितकं सोपं नाही. तिथे कोण कुठल्या एसटीने तालुक्याला गेलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि मीटिंग संपेपर्यंत शेवटची गाडी निघून गेलेली असते. अशांसाठी ऑनलाइन मीटिंग हा खरा आधार आहे. स्त्रियांची अडचण याहून मोठी. पुरुषांनी भरलेल्या खोलीत ‘मी पिते’ म्हणणं किती कठीण आहे, ते मला त्यांच्या बंद ओठांवरून कळतं. त्यांच्यासाठी स्त्री-सभासद शोधल्याशिवाय मी फोन ठेवत नाही.

देवाचा उल्लेख काहींना खुपतो. पण पायऱ्यांमधला देव ज्याला जसा उमगला तसा असतो, आणि नास्तिकही या गटांत वर्षानुवर्षं टिकले आहेत. कुणी सभासद ‘गोळ्या बंद कर’ म्हणाला, तर ऐकू नका. सभासदाने डॉक्टर बनू नये, असं एएचंच साहित्य सांगतं. उपचार आणि मीटिंग यांचं भांडण नाही. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेनच्या २०२० च्या समीक्षेने २७ अभ्यास तपासले. रुग्णाला एएशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार, पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. आपल्याकडे मात्र २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलीतरी मदत मिळते.

मदत शोधायला १४४४६ हा सरकारी टोल-फ्री क्रमांक आहे. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचे पाठपुरावा गट इतर गावांतही चालतात. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन आहे, घरचा माणूस पीत असला तरी तिथे जाता येतं. पहिला गट जमला नाही तर दुसरा पाहावा, कारण भाषा, वय, बोलण्याची धाटणी प्रत्येक गटाची वेगळी असते.

ज्यांच्या घरी नुकतीच दारू सोडलेला माणूस आहे, त्यांना दिवाळीपुरतं एक सांगते. पाडव्याला पाहुणे येणार, कुणीतरी बाटली काढणार, हे माहीत असेल तर त्या संध्याकाळी मीटिंग कुठे आहे, कितीला आहे आणि त्याला न्यायला कोण येणार आहे, हे वसुबारसेच्या आधीच फोन करून ठरवून ठेवा.