मायना

तापी आणि पूर्णा जिथे एकमेकींना मिळतात, त्या काठावर चांगदेव गाव आहे. जळगाव जिल्ह्याच्या मुक्ताईनगर तालुक्यातलं गाव, आणि तिथलं ते जुनं दगडी मंदिर. खाली हतनूर धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं, भोवताली केळीच्या बागा. तिथे गेलं की मला दरवेळी त्या पत्राची कथा आठवते. योगी चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं आणि मायनाच सुचेना. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानाने थोर. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर वय कोवळं. शेवटी कोरा कागद पाठवला. ज्ञानदेवांनी त्याला पासष्ट ओव्यांचं उत्तर धाडलं. आणि पुढे चांगदेवांनी गुरू मानलं ते मुक्ताईला, भावंडांत सर्वांत धाकटीला.

लहानांना काय म्हणून हाक मारावी, ही अडचण ग्रंथालयांपुढे आजही आहे. मुलांसाठी पडद्यावर पुस्तकं येऊ लागली, ही मला मोठी आनंदाची गोष्ट वाटते. पण त्या पुस्तकांचा मायना बहुतेक वेळा एकाच मुलाच्या नावे असतो. ते मूल शहरात राहतं, घरी प्रमाण मराठी बोलतं, त्याला डोळ्यांनी नीट दिसतं आणि त्याच्या हातात स्वतःचा मोबाइल असतो. आमच्याकडच्या एखाद्या वर्गात डोकावून पाहा. कुणाच्या घरी लेवा गणबोली, कुणाच्या घरी तडवी, तांड्यावरून येणारं मूल गोरमाटी बोलणारं, कुणाची उर्दू. सातपुड्यातून केळीच्या कामाला उतरलेल्या पावरा कुटुंबातलं लेकरू पावरी बोलतं, आणि हंगाम सरला की आई-बापाबरोबर निघून जातं. ग्रंथालयाचं कार्ड त्याच्यामागे जात नाही. बापाच्या खिशातला फोन मात्र जातो. म्हणून तर ऑनलाइन ग्रंथालयाची खरी गरज या लेकराला आहे.

साधनं नाहीत असं नाही. ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक 1971 साली निघालं. त्याचे जुने अंक आज घरबसल्या फुकट वाचता येतात. ‘प्रथम बुक्स’ने 2015 मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, म्हणजे कुणीही त्या आपल्या बोलीत आणाव्यात, छापाव्यात, वाटाव्यात. मेळघाटात बोलली जाणारी कोरकूसुद्धा तिथे आहे. 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बालक आणि किशोरांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली, तेव्हा राज्यांनी पंचायत आणि वॉर्ड पातळीवर प्रत्यक्ष वाचनालयं उभारावीत, असंही त्याच भाषणात म्हटलं होतं. मला हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं. कारण पडद्यावरच्या हजार पुस्तकांतून या पोरासाठी हे एक, असं म्हणून हातात ठेवणारं माणूस गावातच असावं लागतं.

आता फोनचं बघू. आमच्याकडे तो बहुधा घरात एक असतो आणि दिवेलागणीला बापाबरोबर घरी येतो. बारा-तेरा वर्षांची मुलगी त्यावर काय वाचते, हे घरातला कुणीही पाहू शकतो. तिला आपल्या शरीराविषयी काही जाणून घ्यायचं असतं, घरात ज्याचा उच्चार होत नाही असं काही विचारायचं असतं. वाचनालयातल्या कपाटाजवळ उभं राहून ती चार पानं चाळू शकली असती; कपाटाने ते कुणाला सांगितलं नसतं. पडदा मात्र सगळं लक्षात ठेवतो. म्हणून मुलांच्या ऑनलाइन ग्रंथालयाने नाव विचारू नये, नंबर मागू नये, काय वाचलं याची नोंद ठेवू नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांचा माग काढायला आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिरातींना बंदी घातली. ग्रंथालयाने तर कायद्याच्याही दोन पावलं पुढे असायला हवं. हा माझ्या दृष्टीने सौजन्याचा नाही, विश्वासाचा प्रश्न आहे.

आणि ज्याला दिसत नाही, ते मूल? दृष्टिहीन वाचकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ 2016 मध्ये सुरू झालं. अशा वाचकांना पुस्तकं खुली करणाऱ्या माराकेश कराराला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता, 2014 मध्ये. तरीही मराठी पुस्तक कानापर्यंत पोहोचताना अडतं, आणि अडण्याचं कारण अगदी साधं आहे. पान नुसतं स्कॅन केलं तर ते यंत्राच्या लेखी चित्र असतं. वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीला त्यात एकही अक्षर सापडत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण यंत्राला तिथे भलतीच रोमन अक्षरं भेटतात. मजकूर युनिकोडमध्ये असला की तोच ऐकता येतो, मोठा करता येतो, शोधता येतो, आणि फाइलही हलकी होते. गावातल्या तुटक नेटवर्कवर ती उतरते.

राहिली बोली. कवयित्री बहिणाबाई चौधरी याच जळगाव जिल्ह्यातल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरोट्यावर, शेतात त्या बोलत गेल्या, घरच्या पोरांनी ते टिपून ठेवलं, आणि त्या गेल्यानंतर, 1952 मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. टिपून घेणारी पोरं घरात नसती तर? किती घरांत ती नव्हती! आज प्रत्येक घरातल्या फोनला कान आहेत. आजीची गोष्ट नातवाने ध्वनिमुद्रित करावी, वाचनालयाने ती जपावी, शेजारी तिचा लिहिलेला मजकूर ठेवावा. तडवी मुलाला तडवीत, पावरा मुलाला पावरीत आपलं घर पडद्यावर भेटेल, आणि मग प्रमाण मराठीच्या पुस्तकाकडे ते परकेपणाने पाहणार नाही. मुलं आधी ऐकतात, मग वाचतात; बोलीतून गेलेलं मूल मराठीपासून तुटतं, हे मला कधीच पटलेलं नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्याखालची शासनमान्य वाचनालयं गावोगावी आहेत, त्यांच्या वार्षिक सभा होतात, ठराव होतात. तुमच्या वाचनालयाच्या पुढच्या सभेला जा आणि एक ठराव मांडा: या वर्षी ग्रंथखरेदीबरोबर गावातल्या बोलींतल्या गोष्टी ध्वनिमुद्रित करायच्या, युनिकोडमध्ये उतरवायच्या, आणि मागेल त्या मुलाला नाव न विचारता द्यायच्या. सूचक म्हणून तुमचं नाव घाला. अनुमोदक तिथेच मिळेल.